आक्काच्या शेंगांची परीक्षा

माझी थोरली बहीण, आक्का, मंद्रूपहून आली ती लसूण, जिरं आणि घरचं तिखट बांधून घेऊनच. तिची लेक इथं सोलापुरातच दिलेली. तिला सातवा महिना लागला होता आणि आईच्या हातची शेंगा चटणी हवी होती. शेंगांचं पोतं आक्कानं दिवाळीनंतरच आमच्याकडे पाठवलेलं, तिच्या स्वतःच्या रानातलं.

माझी मुलगी कॉलेजात अन्नतपासणी शिकते. सुट्टीला येताना तिनं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसणारी एक डबी आणली होती. दाणे कुटून औषधात हलवायचे, चार थेंब कागदी पट्टीवर टाकायचे, पट्टी डबीत सरकवायची. बुरशीनं शेंगांत विष धरलं असेल तर मोबाइल सांगतो. गरोदर बाईला द्यायच्या आधी बघून घेऊ, असं तिचं म्हणणं.

आक्काचा चेहरा उतरला. भाजल्यावर सगळं जातंय की, असं ती पुटपुटली. हे विष भाजून जात नाही, हे मुलीनं समजुतीनं सांगितलं, तरी आक्कानं लसूण सोलायचं थांबवलंच.

बहिणीची अब्रू राखणं माझ्याकडे आलं. नमुना आणायला मलाच पाठवलं होतं, तेव्हा मी टपोऱ्या, स्वच्छ शेंगा तेवढ्या वेचून आणल्या. मोबाइलवर हिरवी खूण आली. बोर्डात माझाच नंबर आल्यासारखा मी आक्काकडे बघून हसलो.

"बाबा, सगळ्या शेंगा एकाच मापाच्या कशा?" मुलीनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बायकोनं सांगून टाकलं, की हे अर्धा तास चष्मा लावून निवडत बसले होते.

"म्हणजे हुशार तेवढीच पोरं परीक्षेला बसवलीत," असं म्हणून मुलगी स्वतः उठली. पोत्याच्या वरून, मधून, तळातून तिनं मूठमूठ शेंगा घेतल्या. या वेळी खूण लाल आली.

आक्का उठली. मला वाटलं, आता पिशवी आवरणार. ती पोत्याशी गेली, तळात हात घालून एक शेंग फोडली आणि वास घेतला.

"खडखडीत वाळवून पाटिवली हुती मी. पोतं कुटं ठेवलं हुतंस रं?"

आमच्या कूलरचं एक चाक मोडलंय. तो कलंडू नये म्हणून मी उन्हाळाभर त्याला पोत्याचा टेकू दिला होता. कूलर थोडा गळतोही. या युक्तीबद्दल मी शेजाऱ्यांकडून शाबासकीसुद्धा घेतली होती. हे सगळं मी खालच्या आवाजात सांगितलं.

आक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हंजे माझ्या रानात खोट न्हाय. तुझ्या डोस्क्यात हाय."

ते पोतं टाकून दिलं, जनावरांनाही घातलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच एसटीनं मंद्रूपला जाऊन आक्काच्या घरातलं, त्याच रानातलं दुसरं पोतं मांडीशी धरून आणलं. मुठी भरायला मुलीनं आक्कालाच बसवलं, आणि आक्कानं मुद्दाम तळातल्या, बारक्या, सुरकुतलेल्या शेंगाही घेतल्या. खूण हिरवी आली. ती तिनं दोनदा बघितली, मग लसणाची टोपली पुढं ओढली.

मला मोबाइल धरायचं काम दिलं होतं. दोन्ही हातांनी.