राणीछाप रुपयावरचा रवीभाऊ

रवीभाऊ मरतोय, हे मला एका रुपयाच्या फोटोत दिसलं होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

धुळ्यात, देवपुरात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. समोर माझा फोटो स्टुडिओ. त्याने लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची अक्का. नाद एकच, जुनी नाणी.

त्यातही जीव की प्राण म्हणजे आजीच्या गाठोड्यात सापडलेला राणीछाप चांदीचा रुपया. तो त्याने ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून घ्यायला, पाठवला. कडक प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत, पांढऱ्या चौकटीत बसवून, सीलबंद होऊन परत आला. ती डबी फोडायची नाही, फोडली की ग्रेड गेली.

आणि ह्या माणसाला फोटो असा हवा, की मध्ये प्लास्टिक आहे हे कळायलाच नको!

"भाऊ, प्लास्टिक म्हणजे आरसा. समोर जे येईल ते त्यात दिसणार."

"मंग तू काय कामना फोटोग्राफर?"

मला अहिराणी समजते, पण तोंडात शहरी मराठीच येते. म्हणून तो माझ्याशी मुद्दाम अहिराणीतच बोलायचा.

शेवटी काळ्या कार्डशीटला भोक पाडलं आणि त्यातून फक्त लेन्स बाहेर काढली. लाइट बाजूने. प्लास्टिकला काळ्या कागदाशिवाय दुसरं काही दिसायलाच नको. सगळं जमून यायचं, आणि नेमकं क्लिक करताना हा शहाणा कार्डशीटखाली डोकं घालून बघायला वाकायचा.

"भाऊ, डोकं मागे घे!"

तोवर क्लिक झालेलं असायचं. राणीच्या तोंडावर रवीभाऊचं धूसर तोंड.

चांगला फोटो मिळाला तरी समाधान नाही. इथे धूळ, तिथे ओरखडा. पुढच्या आठवड्यात पुन्हा रुपया घेऊन हजर. तेच टेबल, तोच लाइट, तेच सेटिंग. आणि दर वेळी एक तरी फोटो त्याच्या थोबाडाने वाया.

"एकदा तुझाच नीट काढू का?"

"मना काय काढस? राणीना काढ."

उन्हाळ्यात एकदा असाच वाया गेलेला फोटो स्क्रीनवर मोठा करून बघितला.

त्याचा चेहरा पिवळा होता.

"भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

"तुना लाइटच पिवळा शे."

लाइट पिवळा असता तर रुपयाभोवतीची पांढरी चौकटही पिवळी आली असती.

ती पांढरीशुभ्र होती.

डॉक्टरला दाखव म्हटलं, त्याने हसण्यावारी नेलं.

अक्काच्या लक्षात आलं तेव्हा ती त्याला शिरपूरच्या पुढे, डोंगराकडच्या गावात घेऊन गेली. तिथे काविळीची माळ देतात, ओल्या काड्या दोऱ्याने गाठून केलेली. आधी डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत गळ्यात येते, मग छातीवर. माळ जितकी लांब, तितकी कावीळ उतरली म्हणायची.

पुढच्या फोटोत त्याच्या गळ्यात माळ दिसली.

त्याच्या पुढच्या फोटोत ती छातीवर आली होती.

अक्का खूश. "माळ वाढनी, कावीळ उतरनी. आते बरा व्हई जाई तो."

अख्खी गल्ली माळेकडे बघत होती. मी फोटो बघत होतो.

एका दुपारी सगळे वाया गेलेले फोटो स्क्रीनवर ओळीने लावले आणि त्याला बसवलं. प्रत्येक फोटोत माळ लांब. प्रत्येक फोटोत चेहरा जास्त पिवळा, गाल आणखी आत. चौकट मात्र जशीच्या तशी पांढरी.

मी चिडलोच. "अरे, काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ वाढते! उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात चल."

त्याने एका फोटोवर बोट ठेवलं.

"ह्या फोटूमा राणी मस्त उनी रे."

मग हळूच म्हणाला, "पण अक्काले दखाडू नको."

म्हणजे त्यालाही दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी आला माझ्याबरोबर, मुकाट्याने. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

पोळ्याच्या आधीच गेला.

भिंतीवर लावायला अक्काने फोटो मागितला. माझ्याकडे तेच, वाया गेलेले. त्यातला अगदी पहिला, पिवळा नसलेला, मोठा करून दिला. नीट बघितलं तर त्याच्या कपाळावर राणीचा मुकुट दिसतो.

आज अक्काने बोलावून घेतलं. रुपया पुढे ठेवला. "एकदाव नीट काढी दे. त्यानी हौस ऱ्हाई गयी."

कार्डशीट लावली. लाइट लावला. क्लिक करताना सवयीने तोंडातून निघून गेलं,

"भाऊ, डोकं मागे घे."

अक्का शेजारीच बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रुपयावरची नजर न काढता म्हणाली,

"ऱ्हाऊ दे ना त्याले तठेच."

फोटो स्वच्छ आला. धूळ नाही, ओरखडा नाही, कोणी नाही.

मला तो आवडला नाही.

रवीभाऊ, तुझ्या राणीचा फोटो झाला रे. तुला भरल्या डोळ्यांनी श्रद्धांजली.