धूपाचा वास

भेस्तानच्या आमच्या चाळीत दगा मिस्त्रीला सगळे ‘पहिले बॅटरी काढ’ म्हणत. हे नाव मी ठेवलेलं. मी त्याचा सख्खा शेजारी, आणि जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

दगा अमळनेरकडचा. दहा वर्षं कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर काढली, मग फर्निचर बसवायच्या कामाला लागला. बॅटरीवरचं ड्रिल मशीन हाती आलं आणि त्याचे नियम सुरू झाले. मशीनचं टोक बदलायचं तर आधी बॅटरी बाहेर. सुटी बॅटरी स्क्रूच्या डब्यात टाकायची नाही, लोखंड लागलं की पेट घेते. तापलेली असेल तर निवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. त्याचा जोडीदार पंडित बॅटरी न काढता टोक बदलायला गेला, बटण दाबलं गेलं आणि हातमोज्यासकट दोन बोटं पिळवटली. दगा तेव्हा शेजारी उभा होता.

असा माणूस चुकला, तोही देवाच्या कामात.

गेल्या खंडेनवमीच्या दोन दिवस आधी शिडीवरून त्याची बॅटरी खाली पडली. कोपऱ्याला चीर गेली. मला दाखवून म्हणाला, “आते हिना भरोसा नही.” पण ती टाकली तर मशीन पूजेला अपुरं राहणार. आठ वर्षं पोटाला घालणारं हत्यार अपुरं कसं पुजायचं? त्याने चिरेवर काळी टेप चिकटवली आणि पूजेच्या सकाळी बॅटरी पूर्ण चार्ज केली. “देवना म्होरे रिकामी कशी ठेवू?”

मला तेव्हाच धास्ती वाटली होती, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी हसलो होतो.

त्याचं घर दोन खोल्यांचं. दार एकच, पुढचं. मागे स्वयंपाकघर, त्याच्या खिडकीला लोखंडी जाळी. देव्हारा मधल्या उंबऱ्याशी, म्हणून पाटही तिथेच मांडला. करवत, रंधा, हातोडी, मधोमध बॅटरी लावलेलं मशीन. त्याच्या बायकोने, सरलाबाईने, फुलाने पाणी शिंपडलं. “मशीनवर नको,” असं दगा म्हणेपर्यंत फूल फिरून गेलं होतं. टेपच्या कडेने एक थेंब आत उतरला, तो मी पाहिला. मग हळदीकुंकू, झेंडू, धूप. मी प्रसाद घेऊन तिथेच गप्पा मारत बसलो. त्यांची मुलगी धनश्री मागे पुऱ्या तळत होती.

तासाभराने दगाने मान वर केली. “काशिनाथभाऊ, वास कसाना ई राहिना?”

मलाही येत होता. गोडसर, घशात बसणारा.

“धूपना शे भो,” मी म्हणालो.

तो उठला आणि त्याने मशीनकडे हात नेला. सरलाबाई म्हणाली, “आज हत्यार हालवतस नही.” तेवढ्यावर थांबावं की नाही? मी मूर्ख, वर बोललो, “एक दिवस तरी बॅटरी काढू नको रे, देवाला नीट बसू दे.” दगा हसला आणि परत खाली बसला.

थोड्या वेळाने टेप फुगलेली दिसली. सूं असा आवाज झाला, झेंडूतून पांढरा धूर निघाला आणि भपकन जाळ झाला. उंबऱ्यापलीकडे धनश्री आणि चुलीवर उकळतं तेल. “मांगे ऱ्हाय!” दगा ओरडला. पेटलेल्या बॅटरीला हात लावू नये, हाही त्याचाच नियम. त्याने मशीन मुठीला धरून उचललं आणि दाराकडे धावला. दार सात पावलांवर होतं. पाचव्या पावलाला बॅटरी फुटली, तरी त्याने ते अंगणात नेऊनच टाकलं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

धनश्रीला साधा चटकाही बसला नाही. दगाच्या उजव्या हाताची मूठ आता वळत नाही.

यंदाही त्याने पाट मांडला, डाव्या हाताने. सरलाबाईने पाणी शिंपडलं नाही. करवतीला, रंध्याला कुंकू लावलं, मग त्या आखडलेल्या हातालाही लावलं. धूप पेटला आणि दगाने माझ्याकडे पाहिलं.

“काशिनाथभाऊ, वास कसाना?”

मी उठलो. पाटावरच्या एकेका वस्तूला नाक लावून पाहिलं. मगच म्हणालो, “धूपना शे.”