नंदी थकला

माझं माहेर साताऱ्याकडचं. आठवीत शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन मी वर्ध्याकडच्या देवळीजवळ, या घरात आले. घरचा भाजीपाला, सकाळी वांगी तोडून बाजारात न्यायची. माझी लेक इथेच जन्मली. हृदयात खाली दोन कप्पे असतात, तिच्यात एकच धड आहे, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. दोन ऑपरेशनं झाली, तिसरं राहिलंय. रोज उठल्यावर मी आधी तिचे ओठ निळे पडलेत का बघते, मग चहा टाकते.

मोठ्या जाऊबाईंची मुलगीही तिच्याच वयाची. पळून आली की तीही धापा टाकते, आणि मला तिचा रागच येतो. तिची धाप पाणी प्यायली की जाते.

त्याहून मी जळते ती जाऊबाईंवर. आमच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत मळा आणि चूल त्यांनीच ओढली, ते उपकार मी विसरणार नाही. पण माझी लेक त्यांना "मोठी आई" म्हणते, "मले, तुले" बोलते अगदी त्यांच्यासारखं, आणि जेवायला बसते त्यांच्याच ताटात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. लेकरं चाकांचे लाकडी नंदी ओढत दारोदार खाऊ मागतात. यंदा मी तिला घरातच ठेवलं. ती रडायला लागली.

"काऊन रडवून राह्यली तिले?" जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, गल्ली चढाची आहे. तिला झेपायचं नाही."

"मी आहो ना. तू येजो मागून."

थोडी घरं झाली आणि लेक उकिडवी बसली. दम लागला की ती अशीच बसते. पोरं वळून बघू लागली. मी धावणार, तेवढ्यात जाऊबाई ओरडल्या, "अवं, नंदी थकले! बसा रे सगळे, चारा घाला आपापल्या नंदीले!"

सगळी मातीत बसली. गवत उपटून लाकडी तोंडांना लावू लागली. श्वास जागेवर आल्यावर माझी लेकच म्हणाली, "चला, माह्या नंदीचं पोट भरलं." पुढेही गल्लीभर तसंच. नेमकं कोण थकलंय, हे एकाही पोराला कळलं नाही.

मी मागे उभी होते. लेक हसत होती. इतकी वर्षं मी नुसतं "पळू नको, बस" म्हणत आले. मला हे का सुचलं नाही?

परवा तिसऱ्या ऑपरेशनच्या तपासणीला वर्ध्याला गेलो. दवाखान्याच्या फाटकातून आत चालताना ती थांबली, खाली बसली. मी वाकून विचारलं, "नंदी थकला का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "नंदी घरी आहे, आई. मी थकली."

मी तिच्याशेजारी भुईवरच बसले. पाठीवरून हात फिरवत राहिले. जरा वेळाने ती म्हणाली, "मोठी आई काऊन नाई आली?"

"ऑपरेशनला येणार आहे," मी म्हणाले. ताईंना मी अजून विचारलंही नव्हतं.