खाडी अडवणारी फळी

मॅडमनी मोबाइलवर नकाशा दाखवला. बांधावर एका जागी तांबडी रेघ ओढलेली. म्हणाल्या, "बाबा, बांध इथे फोडायचा. सोमवारी जेसीबी येतोय."

मी म्हणालो, "न्हाय."

मी उघाडीवाला. शाळा दुसरीपर्यंत. पण मानकोलीच्या खालच्या अंगाला खाडीचा जो मातीचा बांध आहे, त्याची उघाडी चाळीस वर्षं माझ्या हातात होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार. वर बिजागरीला टांगलेली सागाची फळी, माझ्याच हातची. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून रेटतं, फळी आपोआप बंद. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून निघून जातं. शेतात खारं पाणी शिरलं तर तीन वर्षं भात धड उठत नाही. ते शिरू द्यायचं नाही, ही माझी ड्युटी. एकदाही शिरलं नाही.

आता आत भात उरलंय कुठे? अर्धं खाजण, म्हणजे बांधाआतली खाडीची जमीन, भराव टाकून गोडाऊनखाली गेलं. बाकीचं पडीक. भराव वाढला तसं पावसाचं पाणी घरात यायला लागलं. चिखलातले निवट्या मासे गेले, चिंबोऱ्या गेल्या. शेवटी गावकीने ठरवलं, यापुढे एक डंपर आत सोडायचा नाही. उरलेलं खाजण खाडीला परत द्यायचं आणि तिथे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, वाढवायची. मॅडम कॉलेजात शिकवतात, तिवरांचा त्यांचा अभ्यास. परवानग्यांचे कागदही त्यांनीच फिरवले.

आदल्या वर्षी त्यांनी बांधाबाहेर रोपं लावली होती. आल्या नेमक्या पुनवेला. पुनवेला आणि अमावस्येला उधाण, तेव्हा भरती सगळ्यात वर चढते. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी अर्ध्यातूनच माघारी फिरतं. मॅडमना पुनवेचं पाणी जिथवर दिसलं, तिथवर रोपं लावली. मग कित्येक दिवस तिथे पाणी फिरकलंच नाही. वरची सगळी रोपं वाळली. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रोपं वाळल्यावर मी हे बोललो, तेव्हा आमच्या सीतावयनीने मला चारचौघांत धुतलं. "भावोजी, तुमच्या तोंडाला पण फळी बसवलीय काय?" वयनी माझ्या चुलतभावाची बायको. पडीक खाजणाच्या टोकाला तिचं एकटीचं भात अजून आहे. मध्ये फक्त मांडीएवढा जुना बांध. मोठा बांध जेसीबीने फोडला असता, तर प्रत्येक उधाणाने ते भोक रुंद केलं असतं, आणि खारं पाणी सरळ वयनीच्या भातात.

म्हणून या वेळी मी तोंड उघडलं. मॅडम चिडल्या नाहीत. विचारलं, "मग पाणी आत येणार कसं?"

"दार हाय ना. दार असताना भिंत कशाला फोडता?"

फळीला साखळी बांधायची आणि ती वर उचलून ठेवायची. पाणी जुन्या नाल्याने आपल्या वाटेने आत जाईल. जास्त झालं तर साखळी सोडली की दार बंद. फोडलेला बांध असा बंद होत नाही.

जेठातल्या अमावस्येला, दुपारच्या भरतीला करून बघायचं ठरलं. वयनीच्या बांधाला मी काठी रोवली, तिच्यावर चुन्याची खूण केली. म्हणालो, पाणी याच्यावर जाणार नाही. वयनी काठीजवळ उभी राहिली. म्हणाली, "भात गेलं तर तुमच्या ओटीवर येऊन बसंन. जेवन पन तिथंच घेईन."

मी साखळी ओढली. जी फळी जन्मभर घट्ट बसवली ती माझ्याच हाताने उचलली. मग खारं पाणी आत शिरलं. आवाजसुद्धा फार झाला नाही.

दीड तासाने वयनी ओरडली, "भावोजी, चुना बुडाला."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी साखळीला हात लावला नाही. म्हणालो, "फिरंल आता." आणि फिरलं. बांध बुडायला वीतभर बाकी होती. माझा अंदाज चार बोटं चुकला होता, हे आज पहिल्यांदा सांगतोय. दुसऱ्या दिवशी मी वयनीचा बांध हातभर उंच करून दिला. ती म्हणाली, "एवढी खात्री होती, तर मग घाम कशाला गाळताय?"

पावसाळ्यात मी रोज फळीवर. उधाण आणि जोराचा पाऊस एकत्र आला की चार तास दार बंद, मग पुन्हा उघडं. भादव्यात खाडीतल्या तिवरांचं बी पिकतं, चपट्या पावट्यासारखं. ते तरंगत उघाडीतून आत आलं आणि जिथे त्याला पटलं तिथे रुजलं. आम्ही एक रोप लावलं नाही. आज तिथे माझ्या कमरेएवढी तिवरं आहेत. निवट्या चिखलात उड्या मारतात. वयनीचं भात दरसाल उभं राहतं, आणि चिंबोऱ्यांच्या कालवणाचं पहिलं पातेलं माझ्याकडे येतं. मॅडम कॉलेजची मुलं आणतात. दुसरी पास माणूस त्यांना बांधावर उभा राहून शिकवतो, आणि ती वहीत लिहून घेतात.

मुलांना मी दोनच गोष्टी सांगतो. नकाशातलं पाणी हलत नाही, म्हणून खाडीवर येण्याआधी गावात तिथी विचारून घ्या. दुसरी गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. कोणी विचारलं नाही तरी सांगावं. मी गप्प राहिलो, आणि एका वर्षाची रोपं वाळली.