केळापूरच्या माळावर उतरलेली वहिनी

शाळेच्या हापिसात ट्रंककॉल आला तेव्हा मी सहावीच्या पोरींना काळ्या जमिनीचा धडा शिकवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, नागपूरहून वकीलसाहेब बोलून राह्यले." वकीलसाहेब म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. आधी नुसती खरखर ऐकू आली आणि मग दादाचा आवाज... "इंदू गेली गं. आईला तू सांग." मी "बरं" म्हणाले. अशा वेळीही माणूस "बरं" म्हणतो, याची पुढे कितीतरी दिवस मला चीड येत राहिली. इंदूवहिनी काविळीनं नागपूरच्या इस्पितळात होती. आदल्या रविवारी मी भेटून आले, तेव्हा ती नर्सला खिडकी उघडायला लावून सांगत होती, "वारा येऊ द्या हो, वाऱ्याचं आणि माझं जुनं आहे." चाळिशी नुकती कुठे ओलांडलेली ही बाई अशी निघून जाईल, असं वाटलं नव्हतं. फोन ठेवून मी घरी गेले आणि आईला सांगितलं. आई तांदूळ धूत होती. ती तशीच धूत राहिली.

नणंद-भावजयीचं सख्य असू शकतं हे कुणाला सांगून पटत नाही. जात्यावरच्या ओव्यांत नणंदेला कुणी बरं म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण इंदूवहिनी मला आवडली ती पहिल्याच दिवशी, मुलगी पाहायला आम्ही नागपूरला गेलो तेव्हा. तिचे वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांनी मुलासोबत मुलीचंही नाव फ्लाइंग क्लबात घातलं होतं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आईनं नेहमीचा प्रश्न विचारला, "सैपाक येते काय?" वहिनी म्हणाली, "थोडा येतो. विमान मात्र चांगलं येतं." आमच्या काकांना चहाचा असा ठसका लागला की त्यांची पाठ चोळावी लागली. आई म्हणाली, "आमच्या घरी सुना उडत नाहीत, पोरी." त्यावर वहिनी खाली मान घालून, पण आवाज मुळीच खाली न आणता म्हणाली, "मुलं आपली आपण जेवून शाळेत जायला लागेपर्यंत मी विमानाला हात लावणार नाही. त्यापुढचं वचन मात्र आज मागू नका." कोर्टात तासन् तास बोलणारा दादा तिथे मुका झाला, आणि यवतमाळला परतल्यावर इतकंच म्हणाला, "करीन तर हीच."

वचन तिनं असं पाळलं की आम्हालाच लाज वाटावी. घरावरून क्वचित विमान गेलं की आम्ही सगळे अंगणात धावायचो, आणि ही तव्यावरची पोळी उलटत राहायची. कधी विषय काढला नाही, कधी उसासा सोडला नाही. दोन मुलं झाली, सासऱ्यांचं दुखणं झालं, माझं न जमलेलं लग्न झालं... त्या प्रकरणात साऱ्या घरात एकटी तीच माझ्या बाजूनं उभी होती. महाराष्ट्र झाला त्या वर्षी धाकटा सायकलवर शाळेत जाऊ लागला, आणि एका सकाळी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "आई, माझं वचन संपलं." आईनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मी तोंडाळ बाई आहो, पण बेइमान नाही. जा. पण एक डाव माह्या डोयासमोर उतरून दाखव. नीट उतरली तर पुन्हा कधी बोलणार नाही. नाही तं ते विमानातली टोपी माह्याजवळ आणून द्यायची." वहिनीनं एका शब्दानं घासाघीस केली नाही.

मग दर शनिवारी नागपूरची मोटार पकडून ती क्लबात जाऊ लागली. पोहणं आणि सायकल माणूस विसरत नाही म्हणतात. विमानाचं तसं नसतं, हे मला तिच्याकडून कळलं. "हात विसरले नाहीत," ती सांगायची, "डोळे विसरले. जमीन कुठे आहे तेच कळत नाही." सुरुवातीचे कित्येक आठवडे तिचं विमान धावपट्टीवर बेडकासारखं उड्या मारत उतरायचं, आणि क्लबाचे कप्तानसाहेब, तेच, ज्यांनी तिला पोरवयात शिकवलं होतं, हिंदी-मराठीत तिची सालटी काढायचे. घरी आल्यावर ती चुलीपुढे पाटावर बसून लाटणं विमानाच्या दांड्यासारखं दोन्ही गुडघ्यांत उभं धरायची, पायांखाली दोन छोटे पाट ठेवायची आणि डोळे मिटून हळूहळू लाटणं मागे ओढायची. मी तिला चिडवायचे, "वरण शिजेपर्यंत नागपूरला जाऊन आलीस वाटतं." ती डोळे न उघडता म्हणायची, "थांब, अजून उतरायची आहे मी." तिची एक खुबी मात्र शाबूत होती. ते विमान जुनं, वरखाली दोन पंखांचं, आणि पंखांच्या मधोमध ताणलेल्या तारा. वेग वाढला की तारा चढ्या सुरात वाजतात, उतरला की सूर पडतो. पोरवयात कप्तानसाहेब वेगाच्या काट्यावर रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, "अब कान से चला." तो कान तिनं इतकी वर्षं नुसत्या स्वयंपाकघरात राहूनही जपला होता.

परवाना पुन्हा चालू करायचा तर एकटीनं लांब उडून परक्या जागी उतरायचं आणि परत जायचं, असा रिवाज होता. त्या हंगामात कपाशीवर औषध फवारणाऱ्या विमानांसाठी केळापूरजवळच्या माळावर मुरमाची पट्टी तयार केली होती. आई दर नवरात्रात केळापूरच्या देवीला जायचीच. वहिनीनं कप्तानसाहेबांना गळ घातली आणि दसऱ्याचा दिवस ठरला. आम्ही सकाळीच देवीचं दर्शन घेऊन माळावर पोचलो. शेजारच्या बंजारा तांड्यातली माणसं गुरं हाकून पट्टी मोकळी करून उभी होती. कप्तानसाहेब जीपनं येऊन सिगारेट ओढत होते. दादाला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. आणि मग उत्तरेकडून घरघर आली, ठिपका मोठा झाला, आणि वहिनी इतकी अलगद उतरली की तांड्यातल्या बायकांनी हातांची बोटं कानशिलांवर मोडली. "याडी, याडी" म्हणत त्या तिच्याभोवती जमल्या. याडी म्हणजे आई. माझी आई मात्र जागची हलली नाही. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून देवीच्या अक्षता काढल्या, तांब्यातल्या पाण्यात कुंकू कालवलं आणि विमानाकडे चालू लागली. दसऱ्याला घरातली सायकलसुद्धा आम्ही पूजतो, मग हे तर सुनेचं वाहन. तिनं पंख्याला कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, पंखांमधल्या खांबाला झेंडूची माळ बांधली. त्या खांबावर पुढे तोंड केलेली एक बारीक नळी होती. तिच्यावर ओल्या अक्षता वाहून आईनं आपट्याची डहाळी खोचली. ती नळी कशासाठी असते हे आमच्यापैकी कुणाला माहीत असणार? वहिनी आणि कप्तानसाहेब तांड्यावर पाणी प्यायला गेले होते.

निघताना तिनं माळ सोडली, डहाळी काढून आईच्याच हातात सोनं म्हणून दिली, पाया पडली आणि बसली. कप्तानसाहेबांनी पंखा फिरवून दिला. विमान उडालं, आईनं हात जोडले. आणि नागपूरची वाट धरायची सोडून ते माळाभोवती वळू लागलं. "बाई भेली वाटते," तांड्याचा नाईक हळूच म्हणाला. आईनं माझा दंड धरला. "काहून परतली ते? काहून?" इंजिनाचा आवाज बारीक झाला, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा त्या तारांचा सूर ऐकू आला. विमान उतरतीला लागलं. सूर पडत चालला, पडला, पुन्हा जरा चढला... मी शाळेत गाणं ऐकताना इतका जीव कानात कधी आणला नव्हता. चाकं टेकली तेव्हा धूळसुद्धा थोडीच उडाली.

मी पाण्याची बाटली घेऊन धावले. वहिनी खांबापाशी उभी राहून केसांतल्या आकड्यानं नळी कोरत होती, आणि नळीतून कुंकवाचे तांदूळ बाहेर येत होते. डहाळीनं ते आत ढकलले गेले होते. नळीत वारा शिरला नाही की वेगाचा काटा शून्यावर बसतो, आणि वेग कळला नाही की उतरताना माणूस दगडासारखा पडू शकतो, हे तिनं मला नंतर समजावलं. तेव्हा तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "कुंभारीण होती. मातीचं घर केलं होतं मेलीनं." मागून सगळे आले. तिनं आईलाही तेच सांगितलं, "कुंभारीण माशी, आई. या दिवसांत फार असतात." कप्तानसाहेबांनी तिच्या तळव्यावरचा लाल दाणा पाहिला. आई चार पावलांवर उभी. ते खालच्या आवाजात म्हणाले, "ये कौनसी मक्खी है जो कुंकू लगाती है?" वहिनी म्हणाली, "सर, आमच्या वऱ्हाडात कुंभारीणही सुवासिनी असते." ते हसले नाहीत. निघण्याआधी नळी तपासली नाहीस ही चूक तुझी, सासूबाईंची नाही, असं त्यांनी तिला त्याच खालच्या आवाजात स्वच्छ सुनावलं. मग काट्यावर रुमाल टाकल्यासारखा हात हलवला आणि म्हणाले, "जा, नागपुरात सही करतो." ती पुन्हा उडाली आणि नीट पोचली.

आईनं शब्द पाळला. पुढची सात-आठ वर्षं वहिनी उडत राहिली. बाईमाणसानं विमान चालवावं का, यावर यवतमाळात पुष्कळ जिभा चालल्या, आणि वहिनीनं त्यांतल्या एकीलाही उत्तर दिलं नाही. मी पुष्कळ धीट म्हणवणारी माणसं पाहिली. आपला जीव धोक्यात घालणारे त्यांत होते. पण जीव धोक्यात असताना, ज्याच्या हातून तो धोक्यात आला त्याचं मन सांभाळणारी मी एकटी तीच पाहिली. हे मी नणंद म्हणून लिहीत नाही, आणि लिहीत असले तरी माझी हरकत नाही.

ती गेल्याला आता महिना होऊन गेला. आमच्या गच्चीवर कोपऱ्यात एक बांबू रोवलेला आहे. त्याच्या टोकाला वहिनी जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि रोज सकाळी चहा घेऊन वर जाऊन वाऱ्याची दिशा बघायची. कामाचं काही नसे त्यात, यवतमाळात बसून करणार काय? पण ते पाहिल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. परवा सकाळी मी कपडे वाळत घालायला वर गेले, तर बांबूवर नवी चिंधी फडफडत होती, आणि गुडघ्यांनी अधू झालेली माझी आई कठड्याला टेकून धापा टाकत उभी होती. मी म्हणाले, "आई, तू कायले चढलीस?"

"जुनी विरली होती," ती म्हणाली. "केळापूरले नळीत माह्याच अक्षता होत्या. एक दाणा खाली पडला होता मुरमावर, लाल. कोनाले दिसू नये म्हनून म्या त्याच्यावर पाय ठेवला."

माझ्या हातातलं ओलं लुगडं हातातच राहिलं. "मग तिला कधी बोलली का नाहीस?"

"तिनं माह्यासाठी झाकलं. म्या उघडं करू काय?" आई म्हणाली. "पाय ठेवला तवाच ठरवलं, जे बाई असं उतरते तिले आपुन थांबवाचं नाही." तिनं पदरानं डोळे पुसले आणि वर पाहिलं. "वारा कोनत्या अंगाचा हाय, पाह्य बरं. मले नीट दिसत नाही."

"पश्चिमेचा आहे."

"म्हंजे वाऱ्याले तोंड देऊन," आई म्हणाली, "उगवतीकून उतरली असती."