टाकीचं अजीर्ण

मावशींच्या घरून उपाशी कोणी परत गेलं नाही, आणि जेवून सरळ चालत गेलेलंही कोणी नाही. "एवढंसंच" म्हणत त्यांचा वाढणारा हात पुढे आला की भलेभले गडी ताटावर आडवे व्हायचे. अशा बाईच्या हाती गावानं वीज करणारी टाकी सोपवली. मक्याची धाटं बारीक करून, सडकी भाजी आणि शेणात कालवून टाकीत घालायची. आत ते कुजून गॅस होई, गॅसवर इंजिन चाले आणि दवाखान्यात दिवे लागत. तीन महिने काम चोख चाललं.

मग तपासणीची तारीख आली. साहेबांचं समाधान झालं तर इंजिन गावात राहणार, नाहीतर उचलून दुसऱ्या गावाला जाणार. मावशींनी कंबर कसली. ऐन वेळी गॅस कमी पडायला नको, म्हणून त्यांनी टाकीला दुप्पट चारलं, वर चार टोपल्या सडके बटाटे. तिसऱ्या दिवशी इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

"आई, आंबट वास येतोय," सून नाक धरून म्हणाली. टाकी बसवणाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून तिनं सगळं शिकून घेतलं होतं. "अजीर्ण झालंय. आता काही घालायचं नाही."

"उपाशी ठेवू? मग गॅस कशाचा होणार?"

"आधीचं पचू दे की."

मावशींचे हात शिवशिवायचे, म्हणून त्या ते पदरात गुंडाळून टाकीजवळ बसायच्या आणि टोपल्या घेऊन येणाऱ्यांना हाकलायच्या. सहाव्या दिवशी इंजिन सुरू झालं. सातव्या दिवशी साहेब आले.

"मध्ये कधी बंद पडलं होतं?" त्यांनी विचारलं.

सुनेनं डोळ्यांनी खुणावलं, पण मावशींना खोटं बोलणं जमत नसे. "पडलं होतं. माझ्यामुळेच. जास्त चारलं."

साहेब लिहीत राहिले.

"मग दुरुस्त कोणी केलं?"

"कोणी नाही. ही म्हणाली गप्प बसा, मी बसले."

साहेबांनी मान वर केली. "दहा गावांत हेच झालं. सगळे म्हणाले, मशीनच खराब. खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. इंजिन इथेच राहील."

डोळे पुसत मावशींनी सुनेचा हात धरला.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा हिचं ऐकलं, साहेब," त्या म्हणाल्या. "आधीच ऐकायला हवं होतं."