गादीवाला आणि त्याची टोळ

गादीवाल्याच्या मुलीचं नाव जगाला ठाऊक झालं, तरी बापाच्या तोंडी ती टोळच राहिली. लहानपणी सरळ चालणं म्हणून तिला माहीतच नव्हतं. दुकानातल्या कापसाच्या गठ्ठ्यांवरून, वाळत घातलेल्या चादरींवरून, एकदा तर बाकावर पाय पसरून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या पायांवरून टणाटण उड्या! "अगं, माणसाची जात आहे की टोळाची?" असं तो वैतागून म्हणाला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आज त्या टोळीण बाईंची जागतिक स्पर्धेतल्या उंच उडीची अंतिम फेरी होती, आणि तीही घरच्याच शहरात. यानंतर उड्या बंद, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. आईबापांना जागाही मोक्याची मिळाली होती, ओलांडायच्या आडव्या काठीच्या अगदी समोर. सगळं छान होतं, फक्त या गृहस्थाने आजवर मुलीची एकही उडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

त्याचं असं झालं होतं. टोळ शाळेत होती तेव्हा दुकानामागच्या अंगणात दोरी बांधून उडत होती. एकदा पाय अडकला आणि ती फरशीवर आदळली. तिचा वाकडा झालेला हात बापाने पाहिला. तेव्हापासून ती धावायला लागली की याची मान आपोआप खाली जायची आणि डोळे मिटायचे. पाठ टेकल्याचा धप्प आवाज आला की मग उघडायचे.

दुसऱ्या एखाद्या बापाने उडी बंद केली असती. याने गादी शिवली. दुकानातला उरलासुरला फोम, जुना कापूस, सगळं एका खोळीत भरून अंगणभर गादी केली. आणि हाडाचा कारागीर तो, साधी कशी शिवेल? दाभणाने आरपार टाके घातले, वर गाठी मारल्या, सगळ्या रांगा कशा ओळंब्यात! जावयाला द्यावी अशी गादी झाली. टोळ संध्याकाळभर तिच्यावर पडली आणि रात्री आईने पाहिलं तर पोरीच्या पाठीवर गाठींच्या रांगा उमटलेल्या.

"गादी शिवलीत की सूड उगवलात?" बायको कडाडली.

त्याने मुकाट्याने सगळे टाके उसवले. बिनटाक्याची गादी म्हणजे त्याच्या लेखी पोतं. आतला कापूस दर उडीला कोपऱ्यात पळायचा, मग हा गादी बडवून सारखी करायचा, ती उडायची, हा पुन्हा बडवायचा. शेजारी हसायचे. पण दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करून आलेला तो माणूस त्या धुळीत उभा राहून गात असे. आता अंगणात स्कूटर उभ्या असतात आणि दुकानात तयार गाद्या येतात. त्या संध्याकाळी आठवल्या की त्याला अजूनही गलबलून येतं, आणि ते तो लपवतही नाही.

डोळे मिटल्याची गोष्ट मात्र त्याने लेकीपासून लपवली. प्रत्येक स्पर्धेत बायको शेजारी बसून कानात सगळं सांगायची: "धावली... वळली... गेली! टाच लागता लागता राहिली." मग हा पठ्ठ्या मुलीला ऐटीत सांगायचा, "टाच सांभाळ जरा." बाबांची नजर भारी आहे, असं ती चारचौघांत सांगत असे.

आज एकाच उंचीवर तिने दोनदा काठी पाडली होती. तिसरी उडी चुकली की खेळ खल्लास. गादीवाल्याने सवयीने बायकोकडे कान नेला.

"आज मी काही सांगणार नाही," ती म्हणाली.

"अगं, असं काय करतेस?"

"इतकी वर्षं मी तुमचे डोळे झाले. आज शेवटचं आहे, मला माझ्यापुरतं बघू द्या. नसेल बघवत तर बाहेर जाऊन चहा घ्या."

खाली टोळ हात चोळत उभी होती आणि मैदान टाळ्यांचा ठेका धरत होतं. आज मान खाली गेली तर जन्मभर नुसतं ऐकलेलंच उरेल, हे त्याला कळत होतं. तरी मान निघालीच खाली. मग त्याने स्वतःची हनुवटी मुठीत धरली आणि वर रेटली.

ती धावली, वळली, पाठ करून वर गेली. गेली ती जातच राहिली असं त्याला वाटलं. वर पोचल्यावर तिचं अंग कमानीसारखं वाकलं, चेहरा आभाळाकडे, आणि त्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. मग टाच लागली. काठी थरथरली आणि पडली.

लाल झेंडा वर झाला. सगळं मैदान हळहळलं. गादीवाला एकटा उभा राहून टाळ्या पिटत होता.

"काका, बाद झाली हो ती," मागून कुणीतरी म्हणालं. त्याला ऐकूच आलं नाही.

थोड्या वेळाने टोळ कठड्यापाशी आली. डोळे लाल, तरी हसू आणलेलं. "हरले, बाबा."

आता नेहमीसारखं टाचेबद्दल काहीतरी बोलायचं होतं. पण त्याने कठड्यावरून वाकून तिचा हात धरला.

"एवढी वर जातेस तू?" तो म्हणाला. "एवढी? मला कुणी सांगितलंच नाही गं."

"बाबा, म्हणजे आजवर एकदाही पाहिलं नव्हतं?" टोळ म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं. आईने पदर डोळ्यांना लावला होता आणि ती होकारार्थी मान हलवत होती.